ओपन एनरोलमेंट २०२६ : हेल्थ प्लॅन निवडताना तुम्ही नेमकं काय बघता?

केळफूल | ३ नोव्हेंबर २०२५

दिवाळीचा फराळ संपत आला की अमेरिकेतल्या आपल्या नोकरदार मंडळींना एचआरची ईमेल येते. ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा आरोग्य विमा निवडायची मुदत सुरू झाली, अमुक तारखेच्या आत २०२६ चा प्लॅन निवडा. बहुतेक जण ती शेवटच्या रात्री उघडतात आणि मागच्या वर्षीचंच पुन्हा ठेवून मोकळे होतात. मी न्यू जर्सीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत बेनिफिट्सचं काम बघते, त्यामुळे हे दर वर्षी डोळ्यांसमोर घडतं. घराचा हप्ता आणि डे-केअर सोडलं तर आपल्यापैकी कित्येकांचा हा सगळ्यात मोठा खर्च आहे. टीव्ही घेताना आपण चार दुकानं पालथी घालतो. इथे निदान एक संध्याकाळ तरी द्यावी, म्हणून हा धागा.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे : लोक फक्त पगारातून दर महिन्याला कापला जाणारा प्रीमियम बघतात. माझं म्हणणं असं की दोन वर्षांचा हिशोब मांडा. एक, कोणी आजारीच पडलं नाही असं वर्ष. दुसरं, घरात मोठं ऑपरेशन झालं असं वर्ष. दुसऱ्या वर्षासाठी वर्षभराचा प्रीमियम आणि आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम (वर्षभरात उपचारांवर तुमच्या खिशातून जाणाऱ्या पैशांची कमाल मर्यादा) यांची बेरीज करा, कंपनी एचएसएमध्ये (हाय डिडक्टिबल प्लॅनबरोबर मिळणारं, उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) काही टाकत असेल तर ते वजा करा. नेटवर्कमधल्या (प्लॅनशी करार असलेल्या) डॉक्टर-हॉस्पिटलांकडेच गेलात तर वाईटात वाईट वर्षी तुमच्या खिशातून जास्तीत जास्त इतके जाणार.

उदाहरण म्हणून समजा, पीपीओ या नेहमीच्या प्रकारच्या प्लॅनचा प्रीमियम महिना ४८० डॉलर, कुटुंबाचं डिडक्टिबल (प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी वर्षात तुम्ही स्वतः भरायची रक्कम) १,०००, त्यानंतर २० टक्के तुमचे आणि कमाल मर्यादा ७,०००. दुसरीकडे हाय डिडक्टिबल प्लॅन : महिना २५०, डिडक्टिबल ३,४००, पुढे तसेच २० टक्के, मर्यादा ८,०००, आणि कंपनी एचएसएमध्ये १,२०० टाकते. काहीच झालं नाही तर पीपीओचे ५,७६० जातात, हाय डिडक्टिबलचे १,८००. सगळंच बिघडलं तर पीपीओ १२,७६०, हाय डिडक्टिबल ९,८००. मधल्या वर्षी, म्हणजे पाच हजारांची बिलं आली असं धरलं, तर ७,५६० विरुद्ध ५,५२०. "हाय डिडक्टिबल" हे शब्द ऐकूनच जे घाबरतात त्यांनी हे गणित एकदा आपल्या आकड्यांवर करून बघावं. उत्तर प्रत्येक कंपनीत वेगळं येतं, म्हणूनच शेजाऱ्याने काय घेतलं हे विचारून उपयोग नाही.

आणि एक. मेडिकल प्लॅन बहुतेक कंपन्यांत आपोआप पुढे चालू राहतो, पण एफएसए (पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवून त्या वर्षी उपचारांवर खर्चायचं खातं) राहत नाही. तो दर वर्षी नव्याने निवडावा लागतो. २०२६ साठी मर्यादा ३,४०० डॉलर आहे. मुलं डे-केअरमध्ये असतील तर डिपेंडंट केअर एफएसएची मर्यादा ५,००० वरून ७,५०० झाली आहे, कंपनीने ती स्वीकारली असेल तर. ज्यांची पोरं लहान आहेत त्यांनी हे वाचून लगेच आपलं पोर्टल उघडा.

प्रश्न असतील ते इथेच विचारा, म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल.

घाटवाटा | ३ नोव्हेंबर २०२५

उत्तम धागा. हाय डिडक्टिबल आणि एचएसए या जोडीला माझा पूर्ण पाठिंबा. २०२६ मध्ये एकट्यासाठी ४,४०० आणि कुटुंबासाठी ८,७५० डॉलर टाकता येतात, कंपनीचे पैसे धरून. वय ५५ च्या पुढे असेल तर वर आणखी हजार. पगारातून कापले तर इन्कम टॅक्स नाही, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा (सरकारी पेन्शनचा आणि वृद्धांच्या सरकारी विम्याचा) कर नाही, वाढीवर कर नाही, औषधोपचारासाठी काढले तरी कर नाही. एवढ्या सवलती एकाच खात्यावर दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. एफएसएसारखे वर्षाअखेर बुडत नाहीत आणि नोकरी सोडली तरी खातं तुमचंच. मी बिलं खिशातून भरतो, पावत्या स्कॅन करून ठेवतो आणि एचएसएतले पैसे इंडेक्स फंडात वाढू देतो.

फक्त कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीवाल्यांनी लक्षात ठेवा, ही राज्यं एचएसएवर राज्याच्या करात सूट देत नाहीत.

सुपारी_दोडामार्ग | ४ नोव्हेंबर २०२५

घाटवाटा, तुमच्या घरात सगळे ठणठणीत असतील तर हे सगळं खरं आहे. आमच्याकडे नवऱ्याला टाइप-१ मधुमेह आहे. सेन्सर, पंपाचं सामान, इन्सुलिन आणि दर तीन महिन्यांनी एंडोक्रिनॉलॉजिस्ट. जानेवारीत वर्ष पालटलं की डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून. पहिल्याच महिन्यात हजार-दीड हजाराचं बिल उभं राहतं.

आमच्या कंपनीत दोन प्लॅनमधला फरक महिन्याला फक्त ६० डॉलर. वर्षाचे ७२०. पीपीओचं डिडक्टिबल १,०००, दुसऱ्याचं ४,०००, आणि कंपनी एचएसएमध्ये छदामही घालत नाही. दर वर्षी डिडक्टिबल पूर्ण भरणारच आहे हे आम्हाला आधीच ठाऊक आहे. मग ७२० वाचवण्यासाठी ३,००० कोण घालवेल? आम्ही पीपीओच ठेवतो.

केळफूल | ४ नोव्हेंबर २०२५

सुपारी, तुमच्या कंपनीत पीपीओच बरोबर, यात वादच नाही. एक मात्र बघा. हाय डिडक्टिबल प्लॅनला इन्सुलिन आणि काही ठरावीक औषधं डिडक्टिबलच्या आधीही द्यायला कायद्याने मुभा आहे. प्रत्येक प्लॅन ती वापरतोच असं नाही. हे औषधांच्या यादीत दिसतं. ही यादी दर जानेवारीत बदलते. यंदा दुसऱ्या श्रेणीत असलेलं औषध पुढच्या वर्षी चौथ्या, म्हणजे जास्त महाग श्रेणीत गेलेलं मी पाहिलंय, आणि पेशंटला ते औषधाच्या दुकानात काउंटरवर कळतं. नेहमीची औषधं असतील त्यांनी २०२६ ची यादी उघडून आपल्या औषधाचं नाव आणि मात्रा दोन्ही शोधा. मागच्या वर्षीची यादी नको.

पारिजातक | ४ नोव्हेंबर २०२५

मी अटलांटाजवळच्या एका क्लिनिकमध्ये नर्स प्रॅक्टिशनर आहे. गणिताच्या पलीकडचं थोडं लिहिते.

हाय डिडक्टिबल प्लॅन कागदावर स्वस्त दिसतो, पण तो घेतलेली माणसं उशिरा येतात. छातीत दुखतंय, पण ईआरचं (इमर्जन्सी विभागाचं) बिल किती येईल कोण जाणे, म्हणून रात्र काढतात. एमआरआय सांगितला की "पुढच्या वर्षी बघू". आपल्या लोकांत दुखणं अंगावर काढायची सवय तशीही मुरलेली, त्यात हा धाक. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे : डिडक्टिबलएवढी रक्कम बँकेत किंवा एचएसएमध्ये तयार असेल आणि ती खर्चताना हात अडखळणार नसेल, तरच हा प्लॅन घ्या. नाहीतर महिन्याला दोनशे जास्त गेले तरी चालतील, पण ज्या प्लॅनमध्ये ३० डॉलर कोपे (दर भेटीची ठरावीक फी) देऊन तुम्ही बिनधास्त डॉक्टरकडे जाल तो घ्या.

दुसरं, वार्षिक तपासणी, लसी, मॅमोग्राम, ठरलेल्या वयानंतरची कोलोनोस्कोपी ही प्रतिबंधक सेवा नेटवर्कमध्ये फुकट असते, हाय डिडक्टिबलमध्येसुद्धा. तरी बायका मॅमोग्राम टाळतात, कारण "आमचं डिडक्टिबल मोठं आहे". त्याचा इथे काही संबंध नाही. कृपा करून जा.

घाटवाटा | ४ नोव्हेंबर २०२५

पारिजातक, मान्य. पहिल्या वर्षी एचएसए रिकामं असतं तेव्हा हा धोका खराच आहे. ज्यांना बदलायचं आहे त्यांनी आधी वर्षभर तेवढे पैसे बाजूला टाकून मग बदलावं.

नवी_पालवी | ६ नोव्हेंबर २०२५

आमचा प्रश्न थोडा वेगळा. फेब्रुवारीत बाळ येणार आहे (पहिलंच). मी आणि नवरा दोघेही नोकरी करतो, दोघांच्या कंपनीत इन्शुरन्स आहे. सध्या प्रत्येक जण आपापला. आता काय करावं? दोघांनी एकत्र यावं का? बाळाला कोणाच्या प्लॅनवर घ्यायचं?

केळफूल | ६ नोव्हेंबर २०२५

मनापासून अभिनंदन!

फेब्रुवारीत बाळंतपण म्हणजे सगळं मोठं बिल २०२६ च्या डिडक्टिबलमध्ये येणार. त्यामुळे तुमचा २०२६ चा प्लॅन हाच महत्त्वाचा, आणि तो डोळे उघडे ठेवून निवडायला अजून वेळ आहे हे चांगलंच. तुमच्यासाठी वरच्या गणितातलं फक्त "वाईट वर्ष" करा, कारण डिलिव्हरीच्या वर्षी बहुधा कमाल मर्यादेच्या आसपास पोचायला होतं. बाळ जन्मल्या क्षणी वेगळा पेशंट ठरतं, त्याची बिलं वेगळी. काही दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं तर आकडे फार वेगाने वाढतात. म्हणून तुमची एकटीची आणि कुटुंबाची अशा दोन्ही कमाल मर्यादा बघा.

डॉक्टर आणि हॉस्पिटल दोन्ही नेटवर्कमध्ये आहेत का हे वेगवेगळं तपासा. डॉक्टर असते आणि ती जिथे डिलिव्हरी करते ते हॉस्पिटल नसतं, असं होतं. क्लिनिकला फोन करताना "तुम्ही अमुक कंपनीचा इन्शुरन्स घेता का" असं विचारू नका, कारण एकाच कंपनीची पाच नेटवर्क असतात. प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. भूल देणारा डॉक्टर नेटवर्कबाहेरचा निघाला तर घाबरू नका. १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नो सरप्रायझेस कायद्याने नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात अशा डॉक्टरला तुमच्याकडून जादा पैसे घेता येत नाहीत. इमर्जन्सीलाही हाच नियम. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र या कायद्यात नाही.

बाळाचं : जन्मापासून निदान ३० दिवसांची मुदत कंपनीच्या प्लॅनला द्यावीच लागते, आणि कित्येक कंपन्या तेवढीच देतात. या मुदतीत नाव घातलं की कव्हर जन्मतारखेपासून धरतात. सोशल सिक्युरिटी नंबर यायची वाट बघत बसू नका, तो नंतर देता येतो. आजी-आजोबा आलेले असतात, रात्रीची जागरणं असतात, आणि महिना कधी उलटतो कळत नाही. नवऱ्याच्या फोनमध्ये आत्ताच रिमाइंडर लावून ठेवा. ही तारीख चुकली तर पुढचं ओपन एनरोलमेंट येईपर्यंत त्या प्लॅनचं दार बंद.

दोघांनीही बाळाला आपापल्या प्लॅनवर घेतलं तर ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा प्लॅन आधी पैसे देतो. कोण वयाने मोठं याचा संबंध नाही, फक्त महिना आणि तारीख. दोन प्लॅन असले की क्लेमची पत्रापत्री दुप्पट होते, म्हणून मी सहसा एकाच, चांगल्या प्लॅनवर घ्या असं सांगते.

घाटवाटा | ६ नोव्हेंबर २०२५

नवी_पालवी, एक सापळा सांगतो. तुमच्यापैकी एकाने एचएसए घेतलं आणि दुसऱ्याने आपल्या कंपनीत साधा हेल्थकेअर एफएसए घेतला, तर एचएसएमध्ये पैसे टाकता येत नाहीत. नवऱ्याच्या एफएसएतून बायकोचीही बिलं भरता येतात, म्हणून तो दोघांचा धरतात. दात आणि डोळ्यांपुरता मर्यादित एफएसए चालतो. डे-केअरचा एफएसएही चालतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या एचआरना एकमेकींचं काही माहीत नसतं, त्यामुळे हे तुम्हाला कोणी सांगणार नाही.

नवी_पालवी | ६ नोव्हेंबर २०२५

बापरे, आम्ही अगदी हेच करणार होतो! खूप खूप आभार. आज रात्रीच दोघे बसतो.

माळरान | ८ नोव्हेंबर २०२५

तुम्हा सगळ्यांना कंपनी आहे. आम्हाला कोणी नाही. मी शिकागोच्या उपनगरात स्वतंत्रपणे कन्सल्टिंग करतो, बायको घरून डब्यांचा व्यवसाय करते. दोन मुलं. इन्शुरन्स मार्केटप्लेसमधून, म्हणजे स्वतः विमा घेणाऱ्यांसाठीच्या सरकारी विमा-बाजारातून. यंदा २०२६ चा दर बघितला आणि पायाखालची जमीन सरकली. आमचं उत्पन्न एक लाख तीस हजारांच्या आसपास. आत्तापर्यंत थोडी सबसिडी होती, आता पडद्यावर शून्य दाखवतंय. काही मार्ग आहे का?

केळफूल | ८ नोव्हेंबर २०२५

माळरान, तुम्ही नेमके कड्याच्या टोकावर उभे आहात, आणि तिथून मागे यायला वाट आहे. नीट वाचा.

२०२१ पासून लागू झालेली वाढीव सबसिडी ३१ डिसेंबर २०२५ ला संपते. तिच्यामुळे कितीही उत्पन्न असलं तरी ठरावीक सिल्व्हर (मधल्या श्रेणीच्या) प्लॅनसाठी उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त द्यावं लागत नव्हतं. २०२५ च्या सरकारी शटडाऊनमधला (खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कामकाज बंद पडलं तेव्हाचा) मुख्य वाद याच मुद्द्यावर होता. संसदेने काही केलं नाही तर २०२६ मध्ये जुना नियम परत येतो : दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांच्या वर एक डॉलर गेला तरी सबसिडी शून्य. चौघांच्या कुटुंबाला ही रेघ १,२८,६०० डॉलरवर आहे. रेघेच्या आत असाल तर त्याच सिल्व्हर प्लॅनसाठी तुमचा वाटा जास्तीत जास्त ९.९६ टक्के.

म्हणजे तुम्ही जेमतेम दीड हजाराने बाहेर आहात. यात मोजतात ते समायोजित एकूण उत्पन्न, धंद्याची उलाढाल नव्हे. धंद्याचा खर्च वजा होतोच. शिवाय स्वतःच्या सोलो ४०१-के किंवा सेप आयआरएमध्ये (दोन्ही स्वतंत्र व्यावसायिकांची निवृत्तीची खाती) पैसे टाकले की ते उत्पन्नातून उतरतात. आणि यंदाच्या नव्या कायद्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची : १ जानेवारी २०२६ पासून मार्केटप्लेसचे सगळे ब्राँझ (सिल्व्हरच्या खालच्या श्रेणीचे) प्लॅन एचएसएला पात्र धरले जाणार आहेत. म्हणजे ब्राँझ घेतला तर कुटुंबाचे ८,७५० एचएसएमध्ये टाकून उत्पन्न तेवढं खाली आणता येतं. निवृत्तीचे आणि औषधपाण्याचे पैसे तुमचेच राहतात आणि सबसिडीही हातातून जात नाही.

पण सावध राहा. सबसिडी अंदाजावर आगाऊ मिळते. २०२६ च्या उत्पन्नापासून परतफेडीवरची मर्यादा काढून टाकली आहे. वर्षाअखेर उत्पन्न रेघेच्या वर गेलं तर घेतलेली सगळी सबसिडी परत करावी लागेल, आणि ती रक्कम काही हजारांत जाते. ऑक्टोबर २०२६ मध्ये एकदा हिशोबनीसाबरोबर बसा. एचएसएत आणि सेपमध्ये विवरण भरायच्या तारखेपर्यंत, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत पैसे टाकता येतात, तेवढी हालचालीला जागा राहते.

ब्राँझला डिडक्टिबल फार मोठं असतं हेही विसरू नका. २०२६ मध्ये मार्केटप्लेस प्लॅनची कमाल मर्यादा एकट्याला १०,६०० आणि कुटुंबाला २१,२०० पर्यंत असू शकते.

माळरान | ८ नोव्हेंबर २०२५

आमच्या एजंटने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. सेपमध्ये मी तसाही काही टाकत नव्हतो. आता टाकतो. मन हलकं झालं.

सुपारी_दोडामार्ग | ९ नोव्हेंबर २०२५

माळरान, इलिनॉयचं या वर्षीपासून स्वतःचं मार्केटप्लेस सुरू झालंय, गेट कव्हर्ड इलिनॉय. हेल्थकेअर डॉट गव्ह वरून तिकडेच पाठवतात. गूगलवर शोधताना वरच्या जाहिरातींवर मात्र क्लिक करू नका. माझ्या भावाने एका ठिकाणी फोन नंबर टाकला आणि पुढे कितीतरी दिवस फोन थांबेनात. त्यातल्या एकाने जे "स्वस्त फॅमिली कव्हर" विकायचा प्रयत्न केला ते इन्शुरन्सच नव्हतं. दिवसाला ठरावीक रक्कम देणारी पॉलिसी होती, आणि जुने आजार वगळलेले. खरे एसीए (ओबामाकेअर कायद्याखालचे) प्लॅन जुन्या आजारावरून नकार देत नाहीत आणि दरही वाढवत नाहीत. "आधीचा काही आजार?" असं कोणी विचारायला लागलं की फोन ठेवा.

वडाची_सावली | ११ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. मी पुण्याहून लिहितोय. वय ६८, पत्नी ६६. मुलाने आमचं ग्रीन कार्ड केलं आहे, फेब्रुवारीत डॅलसला यायचं ठरतंय. मुलाच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये आई-वडिलांना घेत नाहीत असं तो म्हणतो. मला बीपी आहे, पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. आम्ही काय करावं? इथला मेडिक्लेम गेली कित्येक वर्षं भरतोय, तो आता बंद करावा का? मुलावर बोजा पडू नये एवढीच इच्छा आहे.

केळफूल | ११ नोव्हेंबर २०२५

काका, नमस्कार. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : मेडिक्लेम अजिबात बंद करू नका. कारण खाली येईलच.

तुमच्या मुलाचं बरोबर आहे, बहुतेक कंपन्या आई-वडिलांना घेत नाहीत. मेडिकेअर ६५ नंतर मिळतं, पण ग्रीन कार्डधारकाला ते विकत घेण्यासाठीही अमेरिकेत सलग पाच वर्षं राहावं लागतं. तोवर तुमच्यासाठी मार्केटप्लेस आहे. ग्रीन कार्डवर आल्यावर ६० दिवसांची खास मुदत मिळते, ओपन एनरोलमेंटची वाट बघावी लागत नाही. बीपी, गुडघा, काहीही असलं तरी नाकारत नाहीत. मात्र वयाप्रमाणे दर वाढतो, टेक्सासमध्ये तरुण माणसाच्या तिप्पटपर्यंत. दोघांचा मिळून आकडा मोठा असेल, त्याची मानसिक तयारी ठेवा.

सबसिडीचं तुमच्या बाबतीत असं आहे. मुलाने करात तुम्हाला अवलंबून दाखवलं तर त्याचं उत्पन्न धरतात. तुम्ही दोघांनी स्वतंत्र विवरण भरलं तर तुमचं पेन्शन, ठेवींचं व्याज, घरभाडं असं भारतातलं सगळं उत्पन्न धरतात. दोघांचं मिळून वर्षाला २१,१५० डॉलरच्या वर, म्हणजे नोव्हेंबर २०२५ च्या दराने साधारण पावणेएकोणीस लाख रुपयांच्या वर, आणि ८४,६०० च्या आत असेल तर सबसिडीला जागा आहे. त्या खालच्या रेघेच्याही आत असेल तर पूर्वी नव्या ग्रीन कार्डधारकांना सबसिडी मिळायची. १ जानेवारी २०२६ पासून ती बंद होतेय. मला हा बदल फार अन्यायाचा वाटतो, कारण ज्यांची मिळकत सगळ्यात कमी त्यांनाच पूर्ण दर. पण तो आहे, आणि तो धरूनच तुमच्या मुलाने आखणी करायला हवी. येण्याआधी दोन्हीकडचे कर जाणणाऱ्या माणसाशी बोलून घ्या.

पैलतीर | १२ नोव्हेंबर २०२५

काका, आमच्या आईचं या वर्षीच मेडिकेअर झालं, तो अनुभव लिहितो.

भारतातली नोकरी इथे मोजत नाहीत, कारण दोन देशांत तसा सोशल सिक्युरिटी करारच नाही. त्यामुळे ज्याने अमेरिकेत साधारण दहा वर्षं काम करून ४० क्रेडिट मिळवलेले नाहीत त्याला पार्ट ए (मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग) फुकट नाही. आमच्या आईला पार्ट ए चे महिना ५१८ आणि पार्ट बी (डॉक्टरांच्या फीचा भाग) चे १८५ डॉलर पडतात, हे २०२५ चे दर. एवढे देऊनही मार्केटप्लेसपेक्षा बरंच कमी.

पाच वर्षं भरतात त्या महिन्याच्या आधीचे तीन महिने, तो महिना आणि पुढचे तीन, एवढ्यात नाव नोंदवायचं. सुटलं तर जानेवारी ते मार्चमध्येच पुन्हा संधी, आणि उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पार्ट बी वर १० टक्के दंड, तोही कायमचा. पार्ट बी सुरू झालं की पहिल्या सहा महिन्यांत मेडिगॅप (मेडिकेअरने न दिलेला वाटा भरणारा खाजगी पूरक विमा) घेतलं तर प्रकृती विचारत नाहीत. नंतर बहुतेक राज्यांत विचारतात. आम्ही मेडिगॅप त्याच काळात घेतलं.

"सलग पाच वर्षं" हे मनावर घ्या. आईने मधे भारतात लांबलचक मुक्काम केले होते, त्यामुळे पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटं सगळं द्यावं लागलं. प्रवासाची नोंद एका वहीत पहिल्या दिवसापासून ठेवा.

आणि मेडिकेअर भारतात चालत नाही! म्हणून केळफूल म्हणतात ते खरं, पुण्याचा मेडिक्लेम चालू ठेवा.

केळफूल | १२ नोव्हेंबर २०२५

पैलतीर, फार छान लिहिलंत.

काका, मेडिक्लेमचं आणखी थोडं. तुमची पॉलिसी जुनी आहे म्हणजे बीपी वगैरेचा प्रतीक्षाकाळ केव्हाच संपला असणार. आता सोडली आणि तीन-चार वर्षांनी परत घ्यायची म्हटलं, तर आयआरडीएआय या भारतातल्या विमा नियामकाने २०२४ मध्ये ६५ वर्षांची अट काढली असली तरी जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि दर नव्या वयाचा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, म्हणजे पुढचा हप्ता थोडा हलका. गुडघ्यासारखं ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर पुण्यातच, कॅशलेस, ओळखीच्या डॉक्टरांकडे करणं कितीतरी सोपं.

मुलाने एचएसए घेतलं असेल तर तो त्यातून तुमची बिलं भरू शकतो, पण तुम्ही करात त्याच्यावर अवलंबून असाल तरच. हे त्याला सांगा.

वडाची_सावली | १३ नोव्हेंबर २०२५

मुलीसारखं समजावून सांगितलंत, फार बरं वाटलं. मुलाला धाग्याचा दुवा पाठवला आहे. मेडिक्लेम चालू ठेवतो. प्रवासाच्या नोंदीची वही आजच आणली.

घाटवाटा | १५ नोव्हेंबर २०२५

मेडिकेअरचे २०२६ चे दर काल जाहीर झाले. पार्ट बी २०२.९० डॉलर, आणि ज्यांचे ३० पेक्षा कमी क्रेडिट आहेत त्यांना पार्ट ए ५६५. पैलतीर, तुमच्या आईला जानेवारीपासून महिना ७६७.९० पडतील. ज्यांचं मेडिकेअर आहे त्यांना पार्ट डी (औषधांचे) आणि ॲडव्हान्टेज (खाजगी कंपन्यांमार्फत मिळणारे मेडिकेअरचे) प्लॅन बदलायला ७ डिसेंबरपर्यंत मुदत आहे.

रातवा | १७ नोव्हेंबर २०२५

वाचनमात्र होतो, आज लिहावं लागतंय. एच-१बी वर आहे, मागच्या आठवड्यात लेऑफ झाला. इन्शुरन्स ३० नोव्हेंबरला संपतो. मुलीला दमा आहे. कोब्राचं (नोकरी गेल्यावर पूर्ण दर स्वतः भरून कंपनीचाच विमा चालू ठेवायच्या सोयीचं) पत्र आलं, चौघांचे महिना २,३०० डॉलर. नवी नोकरी कधी मिळेल माहीत नाही. काय करू?

केळफूल | १७ नोव्हेंबर २०२५

रातवा, धीर धरा. हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं तेव्हा काय वाटतं ते मी कामावर रोज बघते.

कोब्राला हो म्हणायला किमान ६० दिवस असतात, आणि हो म्हटलं की कव्हर मागच्या तारखेपासून, म्हणजे १ डिसेंबरपासून धरतात. मागचे हप्ते सगळे भरावे लागतात, पण मधल्या काळात काही गंभीर झालं तर हा दोर हातात आहे. आज लगेच २,३०० भरायलाच हवेत असं नाही. पत्र जपून ठेवा, शेवटची तारीख ठळक लिहून ठेवा. पहिला हप्ता हो म्हटल्यापासून ४५ दिवसांत भरायचा असतो.

मुलीच्या औषधांची भरणी ३० नोव्हेंबरच्या आत करून घ्या. इनहेलरची ९० दिवसांची चिठ्ठी मागा.

नोकरीचा इन्शुरन्स गेला की मार्केटप्लेसमध्ये ६० दिवसांची खास मुदत मिळते. ३० तारखेच्या आत अर्ज केला तर १ डिसेंबरपासून कव्हर सुरू, खंडच पडत नाही. एच-१बी, एच-४ (जोडीदार आणि मुलांचा व्हिसा) दोघेही पात्र आहेत. २०२६ च्या सबसिडीसाठी पुढच्या वर्षीच्या उत्पन्नाचा अंदाज द्यायचा. मुलगी एकटीच आजारी असेल तर कोब्रा तिच्या एकटीसाठीही घेता येतं, प्रत्येकाला स्वतंत्र हक्क असतो. तो दर चौघांच्या मानाने फार कमी येईल. हे पर्याय एकमेकांशी ताडून बघा. राज्य कोणतं ते सांगा, मी प्लॅन बघायला मदत करते.

पारिजातक | १७ नोव्हेंबर २०२५

रातवा, अटलांटा परिसरात असाल तर मला इथूनच निरोप पाठवा. उत्पन्नाप्रमाणे फी घेणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर देशभर आहेत, व्हिसा विचारत नाहीत. मुलीला दम लागला तर कशाचाही विचार न करता ईआरमध्ये न्या. त्यांना तपासणी आणि स्थिर करण्यासाठीचे उपचार नाकारता येत नाहीत.

रातवा | १८ नोव्हेंबर २०२५

नॉर्थ कॅरोलायना. दोघींचेही आभार, शब्द नाहीत. मुलीच्या डॉक्टरांनी ९० दिवसांची चिठ्ठी लगेच दिली. आज मार्केटप्लेसचा अर्ज भरायला बसतोय. "घरातली माणसं" मध्ये एच-४ वरच्या बायकोलाही धरायचं ना?

केळफूल | १८ नोव्हेंबर २०२५

हो, करविवरणात जे जे एकत्र असतील ते सगळे धरायचे, चौघेही. स्टेटसच्या जागी तुमचं आय-७९७ (व्हिसा-स्टेटस मंजुरीची नोटीस) आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) अपलोड करा. तिचं आय-९४ वेगळं असेल. अर्ज झाला की प्लॅनची नावं इथे टाका, मुलीचे पल्मोनोलॉजिस्ट कोणत्या नेटवर्कमध्ये आहेत ते आपण बघू.